आजोबांची विंचेस्टर पुन्हा रानात नेताना

पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलने हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. त्याआधी कित्येक घरांत कपाटातली जुनी रायफल बाहेर निघते. आमच्या घरी ती नवऱ्याच्या आजोबांची आहे: विंचेस्टर मॉडेल ९४. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली ही रायफल १८९४ साली बाजारात आली आणि २००६ साली न्यू हेवनचा कारखाना बंद होईपर्यंत सत्तर लाखांच्या घरात बनली. म्हणूनच अमेरिकेत वारशाने मिळालेली रायफल पुष्कळदा हीच निघते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार थांबली. त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी घरात अशी रायफल आली, तर ती हातात कशी धरायची हे सांगणारे वडीलधारे कुणी नसते. अशा घरांसाठी ही कृती. एक गोष्ट आधीच मनाशी धरा: रायफल नवी दिसायला नको आहे, ती भरवशाची व्हायला हवी आहे.

साहित्य

बॅटरी, नळी साफ करायची सळई, पितळी तारांचा ब्रश, सुती कापडाचे तुकडे, सॉल्व्हंट, बंदुकीचे तेल, नळीच्या तोंडावर बसणारी सळईची मार्गदर्शक टोपी, नव्या कारखानी काडतुसांची दोन खोकी, डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षक. वेळ किमान दोन महिने हाताशी ठेवा; हंगामाच्या तोंडावर बंदुकीच्या कारागिरांकडे (गनस्मिथकडे) रांग लागते.

कृती

१. रायफल भरलेलीच आहे असे समजून हाती घ्या. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर. खालची लिव्हर पूर्ण उघडा-मिटा, काडतूस बाहेर पडायचे थांबेपर्यंत. मग लिव्हर उघडी ठेवून बॅटरीच्या उजेडात आत पाहा आणि करंगळीने चाचपा. या रायफलीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. जुनी स्प्रिंग मंदावली किंवा आत तेल गोठले, तर एखादे काडतूस तिथेच अडकून राहते. डोळे आणि बोट दोन्हींची साक्ष पटल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. कागदपत्रे पाहा. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेली रायफल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येते. परराज्यातल्या हयात नातेवाइकाने भेट दिली, तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत घ्यावी लागते. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. राज्याचे नियम वेगळे तपासा. अनुक्रमांक टिपून ठेवा.

३. नळीवरचा ठसा वाचा. ‘३० डब्ल्यूसीएफ’ म्हणजे आजचे .३०-३० काडतूस. ‘३२ डब्ल्यूएस’ असेल, तर काडतूस वेगळे. दोन्ही दिसायला जवळची, म्हणून घरातल्या कुणाच्या आठवणीवर विसंबू नका. ठसा अस्पष्ट असेल, तर कारागिराला मापे घेऊ द्या.

४. लाकूड तपासा. दस्ता जिथे लोखंडाला मिळतो, त्या बारीक मनगटाशी केसासारखी चीर आहे का, स्क्रू ढिले आहेत का, हे पाहा. लाकूड घासून पॉलिश करू नका, लोखंडाला नवा निळा रंग चढवू नका आणि दुर्बिणीसाठी नवी भोके तर मुळीच पाडू नका. १९६४ पूर्वीच्या रायफलींचे मोल त्यांच्या मूळ रूपात असते. शिवाय या जुन्या रचनेत रिकामे काडतूस वरून उडते, म्हणून माथ्यावर दुर्बीण नीट बसतही नाही.

५. नळी साफ करा. ही रायफल मागून साफ करता येत नाही, तोंडाकडूनच करावी लागते. म्हणून मार्गदर्शक टोपी लावा. सळई घासून तोंडाजवळचे आटे झिजले, तर नेमच बिघडतो. सॉल्व्हंट लावा, दहा मिनिटे थांबा, ब्रश फिरवा, मग कापड. कापडावर काळे आले तर दारूची काजळी, निळे-हिरवे आले तर तांबे, तांबूस आले तर गंज. कापड स्वच्छ निघेपर्यंत हेच. खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात साबणाने धुवा, कारण काजळीत शिसे असते.

६. आता गनस्मिथकडे न्या. ही पायरी गाळायची नाही. काडतूस आणि त्याला मागून थोपवणारा भाग यांच्यातली जागा तो गेजने मोजतो, फायरिंग पिन तपासतो आणि घोड्याची अर्धी खाच झिजली आहे का ते पाहतो. जुन्या मॉडेल ९४ ला वेगळे सेफ्टी बटण नाही. ती अर्धी खाच हीच तिची सेफ्टी. खाच झिजली असेल, तर दुरुस्तीशिवाय रायफल रानात नेऊ नये.

७. काडतुसे नवी घ्या. आजोबांच्या खणातले खोके आठवण म्हणूनही वापरू नका. गोळीचे नाक चपटे किंवा गोल हवे. नळकांड्यात प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकलेले असते; कडक अणकुचीदार टोक असेल, तर धक्क्याने ते काडतूस आतच पेटू शकते. या रायफलीसाठीच बनवलेली मऊ रबरी टोकाची काडतुसे चालतात. हरणासाठी १५० किंवा १७० ग्रेनची गोळी पुरते.

८. रेंजवर जा. नळीतले तेल कोरड्या कापडाने पुसा. पहिली काही काडतुसे एकेक करून भरा. प्रत्येक रिकामे काडतूस हातात घेऊन पाहा: चीर, फुगवटा किंवा भोक पडलेली टोपी दिसली, तर तिथेच थांबा. घोडा पडला पण बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून मिनिटभर वाट पाहा. सुरुवात २५ यार्डांवर, मग ५०, मग १००. गोळी ज्या बाजूला न्यायची, त्याच बाजूला नेम धरायची मागची खाच सरकवा.

९. आपली मर्यादा ठरवा. हरणाचे काळीज आणि फुप्फुसे मिळून सात-आठ इंचांचे वर्तुळ होते. रानात जसे उभे राहाल किंवा बसाल, तसे राहून ज्या अंतरावर प्रत्येक गोळी त्या वर्तुळात बसते, तेवढेच तुमचे अंतर. ते ६० यार्ड निघाले, तर ६० यार्डच. जखमी होऊन पळालेले जनावर रानात तडफडत मरते. ते पाप रायफलीच्या वयावर ढकलता येत नाही.

१०. रानाची तयारी करा. पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला पेनसिल्व्हेनियात शिकार प्रशिक्षण सक्तीचे आहे. हरणाच्या रायफल हंगामात डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड अंगावर हवे. गारठलेल्या अंगठ्याने घोडा हळूच खाली घेताना तो निसटतो, म्हणून हा सराव घरी रिकाम्या रायफलीवर पुष्कळ वेळा करा. कुंपण ओलांडण्यापूर्वी रायफल रिकामी करा.

११. परतल्यावर निगा घ्या. थंडीतून उबदार घरात आणलेल्या लोखंडावर दव धरते. रायफल खोलीच्या उबेला येऊ द्या, पुसा, तेलाचा पातळ हात द्या आणि कुलपात ठेवा. काडतुसे वेगळ्या कुलपात.

सहाव्या पायरीवर गनस्मिथने नाही म्हटले, तर वाईट वाटून घेऊ नका. साफ करून, तेल लावून ती जपून ठेवा आणि शिकारीला दुसरी रायफल न्या. न उडणारी रायफलही वारसाच असते.