कुंभकोणममधली मराठी

सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या सहलीत आम्ही तमिळनाडूतील कुंभकोणमला गेलो. दर बारा वर्षांनी जिथे महामहम उत्सव भरतो तो तलाव पाहिला, गणितज्ञ रामानुजन यांचे घर पाहिले. एका यजमान कॅडेटच्या आजी आमच्याशी चक्क मराठीत बोलल्या! हेल तमिळ, काही शब्द जुने, पण सगळे समजत होते.

याचे कारण इतिहासात आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात जवळच्याच तंजावरला राज्य स्थापन केले. सैनिक, कारकून आणि पुढे कीर्तनकारही तिकडे गेले. दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. १८०३ मध्ये त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवला. १८५५ मध्ये राज्य गेले, भाषा मात्र घराघरांत राहिली.

आजी मराठी बोलतात, पण लिहितात तमिळमध्ये. नातवाला मराठी समजते, बोलता येत नाही. दगडावरची अक्षरे अजून शाबूत आहेत. तोंडची भाषा मात्र एका पिढीतही जाऊ शकते. वसतिगृहात आपण दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलतो. मित्रांनो, रविवारी घरी फोन कराल तेव्हा मराठीतच बोला.