टेम्पोच्या चेसीचा गंज : आधी खरवड, मग रंग

कापडाच्या व्यापाऱ्याला गंज पहिल्यांदा दिसतो तो मालावर. हौद्याच्या पत्र्यातून ओल येते आणि लठ्ठ्यावर तांबूस डाग पडतो. तो साबणाने निघत नाही, ब्लीचिंगने उलट पक्का होतो. पण खरे नुकसान खाली चेसीत होत असते, आणि तिथे प्रश्न केवळ मालाचा नसून जिवाचा असतो.

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज धरतो. त्यात मीठ असेल तर तो झपाट्याने वाढतो. म्हणून कोकणपट्टीच्या बाजारांना जाणारी किंवा मासळी वाहणारी गाडी लवकर गंजते. मीठ हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे पाऊस नसला तरी गंजणे थांबत नाही.

पावसाळा सरला की गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी. चेसीच्या बंद पट्ट्यांना पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. ती चिखलाने बुजली तर पट्टी आतून सडते आणि बाहेरून काही कळत नाही. गाडी वाळल्यावर हातोडीने हलके ठोकून पाहावे. चांगले लोखंड खणखणते, सडलेले बद्द वाजते.

वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावे. पापुद्रे हातोडीने पाडावेत. खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचे गंजनाशक लावावे आणि डब्यावरील सूचनेप्रमाणे पुसून किंवा धुऊन घ्यावे. पूर्ण वाळल्यावर प्रायमर आणि त्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. हातमोजे व चष्मा वापरावा. गाडी केवळ जॅकवर उचलून खाली शिरू नये, घोडे लावावेत.

गंजावरच डांबरी लेप फासला तर ओल आत कोंडते आणि गंज झाकणाखाली वाढत राहतो. जळके ऑइल फासण्याची जुनी रीतही सोडावी, त्याने रबरी बुश खराब होतात.

पट्टीला भोक पडले असेल तर रंगाचा उपयोग नाही. सडलेला भाग कापून जाणत्या कारागिराकडून नवा तुकडा जोडून घ्यावा. वेल्डिंगआधी बॅटरी सोडावी, माल उतरवावा, डिझेलच्या टाकीजवळ काम असेल तर टाकीही काढावी. ब्रेकच्या नळीला पापुद्रे आले असतील तर ती रंगवू नये, बदलावी. भरल्या गाडीने घाट उतरताना ती फुटली तर हिशोब पैशांचा राहत नाही.

जुना टेम्पो घेणाऱ्यांनी चेसीच्या ताज्या काळ्या रंगाला भुलू नये. खळ दिलेल्या कापडाचा कस धुतल्यावर कळतो. चेसीचा कस पेचकसाने खरवडल्यावर. विकणारा खरवडू देत नसेल तर सौदा तिथेच थांबवावा.