सोयाबीन पुढे सांडतं की मागे?

प्रश्न : सोंगणीला मजूर मिळेनात, म्हणून यंदा पंजाबातून आलेल्या हार्वेस्टरने सोयाबीन काढून घेतलं. मशीन गेल्यावर बघतो तर रानात दाण्यांचा सडा. चालक म्हणाला, पीकच जास्त वाळलंय. शेजारी म्हणतात, मागे चाळण्यांवरून उडतंय. खरं काय समजायचं? शिवाय कुटाराचा जो पट्टा पडतो, त्या जागी हरभरा विरळ उगवतो. यावर मशीनमध्ये काही बदल करता येतो का?
— एक शेतकरी, वाशीम जिल्हा

उत्तर : चालक आणि शेजारी, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकतं. पण सोयाबीनच्या बाबतीत पहिला संशय मशीनच्या पुढच्या भागावर, म्हणजे हेडरवर घ्यावा. या पिकात हार्वेस्टरने होणाऱ्या नुकसानीतला सगळ्यात मोठा वाटा तिथलाच असतो. गव्हाची लोंबी शेंड्याला असते, कापणी वीतभर वर झाली तरी काही बिघडत नाही. सोयाबीनची खालची शेंग मात्र जमिनीपासून चार बोटांवरच लागलेली असते, आणि वाळलेली शेंग नुसत्या धक्क्यानेही तडकते. गहू-भातावर चालून आलेलं मशीन त्याच मापांवर सोयाबीनमध्ये घातलं की दाणा जमिनीवर जाणारच.

नेमकं कुठे सांडतंय, हे शोधायची एक खात्रीची रीत आहे. रानाच्या मध्यात, कापणी चालू असतानाच मशीन थांबवायला सांगा. मग ते आपल्या लांबीइतकं सरळ मागे घ्यायला लावा आणि इंजिन बंद करा. आता समोर तीन जागा मिळतात. उभ्या पिकात खाली पडलेले दाणे हे मशीन येण्याआधीचे, त्यांचा दोष वाळण्याला. कापलेल्या पण मशीनचा मागचा भाग जिच्यावर पोचलेला नाही अशा पट्टीत जे जास्तीचे दाणे दिसतील, ते हेडरचे. आणि मशीनच्या मागे त्याहून जे जास्त निघतील, ते मळणीचे आणि चाळण्यांचे. प्रत्येक ठिकाणी फूटभर लांब-रुंद चौकट टाकून दाणे मोजा, न फुटलेल्या शेंगांतले दाणेही धरा. मागच्या बाजूला कुटार उचलून, झटकून बघावं लागतं. एकाच जागेवर भरवसा न ठेवता चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा.

शंभर दाण्यांचं वजन 12 ग्रॅम धरलं, तर चौरस फुटात 4 दाणे म्हणजे एकरी साधारण 21 किलो. 2025-26च्या हमीभावाने, क्विंटलला 5,328 रुपयांप्रमाणे, हे एकरी अकराशे रुपये झाले. पूर्वी मागे बायामाणसं सरवा वेचायची, त्यातलं थोडं तरी घरात यायचं. आता ते सगळं रानातच राहतं.

दोष हेडरचा निघाला, तर पुढचं जमिनीवरच वाचता येतं. सुटे दाणे जास्त असतील तर रील, म्हणजे पिकाला आत घेणारा पुढचा फिरता पिंजरा, शेंगांना झोडपतंय. धसकटाला शेंगा लटकलेल्या असतील तर कापणी उंचावर होतेय. रोपं मुळासकट उपटली असतील किंवा धसकटं पुढे झुकून चिंध्यांसारखी तुटली असतील, तर पाती बोथट झाली आहेत.

पात्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण दुर्लक्ष इथेच होतं. कटरबारवर तिकोनी पाती एका पट्टीला बसवलेली असतात आणि ती पट्टी लोखंडी बोटांच्या फटींतून डावी-उजवीकडे पळते. अमेरिकेत ओबेड हसी यांनी 1833 साली पेटंट घेतलेल्या कापणीयंत्रात हेच तत्त्व होतं, ते आजवर टिकून आहे. हे काम कात्रीचं आहे : धार चांगली असून भागत नाही, दोन्ही पाती एकमेकांना घासून जायला हवीत. म्हणून वरच्या दाबपट्ट्या सैल झाल्या की नवं पातंही देठ चावत बसतं. पट्टी एका टोकाला पोचली की प्रत्येक पातं बोटाच्या बरोबर मध्यावर थांबायला हवं, ते अलीकडे-पलीकडे थांबत असेल तर कापणी अर्धवट होते. रिबीट सैल झालेली पाती आणि दगडाने वाकलेली बोटं रोज संध्याकाळी बघायची असतात. हंगामात मशीन रात्रंदिवस फिरतं, तेव्हा हे राहून जातं, आणि त्याची किंमत शेवटच्या शेतकऱ्याला मोजावी लागते.

वेगाचंही असंच. पात्यांचे फटके मिनिटाला 900 धरले आणि मशीन ताशी 4 किलोमीटरने चाललं, तर दर फटक्याला ते सुमारे साडेसात सेंटिमीटर पुढे सरकतं. पातं साधारण तेवढंच असतं, त्यामुळे कापणी स्वच्छ होते. ताशी 7 किलोमीटर केलं की हे अंतर 13 सेंटिमीटरवर जातं. मग पातं पुढचे देठ कापण्याआधी ओढतं आणि त्या ओढीत शेंगा फुटतात. एकरावर भाडं घेणाऱ्याला घाई असते, हे समजण्यासारखं आहे. पण भाडं ठरवतानाच हळू चालवण्याची अट घाला, त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी परवडतं.

रीलने झाडाला हलकेच आत घ्यायचं असतं. त्याच्या कडेचा वेग मशीनच्या वेगापेक्षा पंचवीस टक्क्यांच्या आत जास्त ठेवावा. रीलचा व्यास एक मीटर असेल आणि चाल ताशी 4 किलोमीटर, तर मिनिटाला 25-26 फेरे पुरतात. मशीन बंद असताना रीलच्या एका आडव्या पट्टीला रंगीत फडकं बांधा आणि मग बांधावरून घड्याळ लावून फेरे मोजा. आकडा चाळीसच्या वर निघाला, तर दाण्यांचा सडा कुठून आला ते कळलं. रीलचा आसही कटरबारच्या वीतभर पुढे असावा. आणि दुपारच्या कडक उन्हात, शेंगा तडतडत असताना मशीन घालू नका. दव उडाल्यानंतरची सकाळ आणि संध्याकाळ जास्त बरी.

आता कुटार. चौदा फुटांत कापलेला सगळा पाला-काड मागे चार-पाच फुटांत पडतो, म्हणजे त्या पट्ट्यात थर जवळपास तिपटीने जाड. पेरणीयंत्राचे फण तिथे कुटार ओढत नेतात आणि हरभऱ्याचं बी मातीत न पडता कुटारात पडतं. बाकीच्या रानाचा वाफसा आला तरी त्या पट्ट्याखाली ओल राहते. विरळ उगवणीचं कारण हेच.

यावर पंजाबात भातासाठी उपाय निघाला, तो सुपर एसएमएस. मागे बसवलेलं हे यंत्र काड बारीक करून पसरवतं. काड न जाळता हॅपी सीडर या पेरणीयंत्राने गहू पेरता यावा म्हणून 2018 साली तिथे ते हार्वेस्टरला सक्तीचं केलं गेलं. पंजाबातून येणाऱ्या बऱ्याच मशीनवर ते असतं, पण इकडे बरेचदा त्याचा बेल्ट काढून ते बंद ठेवतात, कारण डिझेल जास्त लागतं. भाडं ठरवतानाच विचारा. चालू करायला लावलं, तरी दोन गोष्टी बघा. काड वेगळ्या वाटेने पडतं आणि चाळण्यांवरचं बारीक भुसकट वेगळ्या वाटेने. सोयाबीनमध्ये शेंगांची टरफलं आणि भुसकट खूप असतं, ते पसरणीत आलं नाही तर पट्टा उरतोच. दुसरं म्हणजे मागची पाखं : फेकलेलं काड कापणीच्या पूर्ण रुंदीवर पडेल अशी ती वळवावी लागतात, आणि वारा असेल तर दोन्ही बाजू सारख्या ठेवता येत नाहीत.

स्वतःचं मशीन असलेल्यांसाठी एक सूचना. सुपर एसएमएसच्या फिरत्या दंडावरचं एखादं पातं तुटलं, तर त्याच्या बरोबर समोरचंही बदला आणि दोन्ही सारख्या वजनाची घ्या. एकच बदललं की दंड थरथरतो आणि बेअरिंग जातं. मागे हात घालण्याआधी इंजिन बंद, चावी खिशात आणि दंड पूर्ण थांबलेला, यात तडजोड नको. हेडरखाली शिरतानाही सिलिंडरचं लॉक लावूनच.

पसरवणं हाच सगळीकडे नियम आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियात काही शेतकरी तणनाशकाला दाद न देणाऱ्या तणांचं बी मुद्दाम भुसकटाबरोबर एका अरुंद पट्ट्यात टाकतात, म्हणजे ते तिथेच कुजतं. तुमच्याकडेही जनावरं असतील आणि कुटार वैरणीला हवं असेल, तर पसरवून चालणार नाही. तेव्हा पट्टा पडू द्या आणि पेरणीआधी कुटार उचलून न्या. कुटाराची गरज मोठी असेल, तर सोंगून हडंब्यातून काढलेलंच सोयीचं.

पुढच्या खरिपाला मशीन लावायचं नक्की असेल, तर तयारी पेरणीपासून करा. रानातले दगड वेचून घ्या. ते राहिले की चालक पाती वाचवायला हेडर उचलतो आणि खालच्या शेंगा जातात. वरंबे फार उंच ठेवू नका, कारण चौदा फुटांचा ताठ कटरबार वरंब्यावर टेकला की सरीच्या कडेच्या झाडांना उंचावर कापतो. मशीनने काढायला सोयीचा वाण घ्या, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा एमएयूएस 162 त्यातलाच आहे. आणि कापणीच्या दिवशी पहिला फेरा झाला की मशीन थांबवून वर सांगितलेली मोजणी करा, तेव्हाच रील आणि वेग बदलून बाकीचं रान वाचवता येतं.