पाय धुक्यात का लपवतेस?

तुझ्या सगळ्या योद्ध्यांचे पाय धुक्यात का असतात गं? काल तुझी इतक्या आठवड्यांची चित्रं एका दमात बघितली. चेटकीण आहे, ती धुक्यात उभी. धनुर्धारी आहे, तो गुडघाभर गवतात. राजकन्येचा झगा असा काही पसरलाय की खाली पाय आहेत की चाकं, कळायला मार्ग नाही. हात बघावेत तर एक पाठीमागे, दुसरा बाहीत. चेहरे मात्र देखणे, पापणी न् पापणी रेखलेली. आईला विचारलंस तर ती म्हणेल, "छान तर आहेत!" छान आहेतच. पण तुला हेच काम पोटापाण्यासाठी करायचंय ना, मग थोडं माझंही ऐकून घे.

त्या ऑनलाइन चित्र-आव्हानात दर आठवड्याला नवा विषय येतो, तू शनिवारी रात्री उशिरा चित्र टाकतेस आणि रविवारी चहा पिता पिता बदाम मोजतेस. यात वाईट काही नाही, बदाम कुणाला नको असतात? पण एक गोष्ट बघ. बदाम मिळतात ते चेहऱ्याला, डोळ्यांतल्या चमकेला, उडणाऱ्या केसांना. नीट टेकलेल्या टाचेला कुणी बदाम देत नाही. त्यामुळे होतं काय, की जे तुला आधीच येतं तेच तू दर आठवड्याला आणखी घोटत जातेस. जे येत नाही ते धुक्यात जातं. धुकं काढायला तू आता इतकी सराईत झालीयेस की कौतुक करावं की रागवावं, मला कळत नाही.

तुझ्या त्या इंकटोबरची सुरुवात ठाऊक आहे ना? जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराला स्वतःचं शाईकाम सुधारायचं होतं, म्हणून 2009 च्या ऑक्टोबरात त्याने रोज एक शाईचं चित्र काढायचं ठरवलं. जगभरातले लोक नंतर आले, विषयांची यादी नंतर आली, आठवड्याला एक विषय हा प्रकार तर त्याहून नंतरचा. मुळात ती एका माणसाने आपल्या एका कच्च्या बाजूसाठी लावून घेतलेली शिस्त होती. तूही तसंच कर. विषय त्यांचा असू दे, कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आपला विषय लिही: 'या वेळी हात.' पुढच्या वेळी 'जमीन'. मग बाकीचं चित्र साधारण झालं तरी चालेल. बदाम कमी येतील, तेही चालेल.

दुसरं जरा नाजूक आहे. तुझ्या चित्रांत काही घडत नाही. एक सुंदर व्यक्ती उभी असते आणि आपल्याकडे बघते. हे फोटो काढायला उभं राहिल्यासारखं झालं, गोष्ट कुठाय? एन. सी. वाएथने 1911 साली 'ट्रेझर आयलंड'साठी केलेली चित्रं शोधून बघ. त्यातलं जिम घर सोडून निघतो ते चित्र उघड आणि मोबाइल बाजूला ठेवून नुसती बघत बस. जिम हातात गाठोडं घेऊन आपल्या दिशेने चालत येतोय आणि मागे त्याची आई तोंडाला कापड लावून रडतेय. पुस्तकात हा निरोप एका वाक्यात उरकलाय. चाचे, तलवारी, खजिना असं सगळं हाताशी असताना वाएथने अख्खं पान त्या एका वाक्याला दिलं. लेखक जिथून घाईने पुढे गेला, तिथे चित्रकार थांबला.

म्हणून 'ड्रॅगन' असा विषय आला की लगेच टॅबलेट उघडू नकोस. काड्यापेटीएवढे चौकोन आख आणि पेन्सिलीने त्यात नुसते गडद-फिके आकार मांडत जा. पहिल्या दोन-तीन चौकोनांत आग ओकणारा ड्रॅगन येणारच, तो सगळ्यांनाच सुचतो. तो येऊन जाऊ दे. सातव्या-आठव्या चौकोनात कदाचित जळक्या गावात दुसऱ्या दिवशी सकाळी राख लोटणारी बाई येईल आणि वर छपरावर अडकलेला एक भला मोठा खवला. ते चित्र कर.

आणि संदर्भ शोधायला पिंटरेस्टवर जातेस ते जरा कमी कर. तिथला ड्रॅगन दुसऱ्या कुणीतरी सरडा बघून काढलेला असतो. तू सरडाच बघ, गच्चीवर हवे तितके आहेत. राक्षस हवा असेल तर जंजिऱ्याच्या दरवाजावरचं शिल्प आठव. लहानपणी सहलीला आपण त्याच्याखालून गेलो होतो, तुझं सगळं लक्ष होडीकडे होतं. वाघासारखा एक प्राणी आहे, त्याच्या पंजांत हत्ती आहेत, शेपटीच्या वेटोळ्यातही हत्ती. तो प्राणी दगडात काही फार मोठा नाही. पण हत्ती केवढा असतो हे बघणाऱ्याला माहीत असतं, आणि त्याच्या पंजात हत्ती खेळण्याएवढा दिसला की प्राण्याचा आकार मनात आपोआप वाढतो. तुझा राक्षस कोऱ्या पार्श्वभूमीवर एकटा उभा असतो, म्हणून तो मांजराएवढाही वाटू शकतो. शेजारी एक बैलगाडी काढ, मग बघ.

प्रकाशाचं म्हणशील, तर तू इचलकरंजीत राहून 'जादुई लाइटिंग'चे व्हिडिओ बघतेस याचं मला हसू येतं. खिद्रापूर तुझ्यापासून किती लांब आहे? तिथल्या कोपेश्वराच्या देवळात स्वर्गमंडपाला वर गोल झरोका आहे, छत तिथे उघडंच ठेवलंय. भर दुपारी वही घेऊन जा. ऊन एका गोलात फरशीवर पडतं आणि तिथून उसळून आतल्या खांबांवर खालच्या बाजूने चढतं. जवळच्या खांबाची कड लख्ख, त्याच्या मागचा खांब करडा, त्याच्या मागचा जवळजवळ काळा. उजेड फक्त वरून येतो असं तू धरून चालतेस, म्हणून तुझ्या चित्रांतली लेणी सपाट दिसतात. तिथे तासभर बसून रंग न वापरता नुसत्या तीन छटांत स्केच केलंस तर व्हिडिओची गरज उरणार नाही. बाहेरच्या भिंतीला खाली हत्तींची रांग आहे, तीही सोडू नकोस.

गणपतीची शाडू माती उरली असेल ना घरी? त्यातून राक्षसाचं डोकं कर, ओबडधोबड चालेल, आणि टेबललॅम्पखाली फिरवून बघ. 'डायनोटोपिया' करणारा जेम्स गर्नी अशीच छोटी मातीची रूपं करतो आणि त्यांच्यावर सावली कशी पडते ते बघून रंगवतो. त्याचं 2009 चं 'इमॅजिनेटिव्ह रिअलिझम' हे पुस्तक अख्खं याच गोष्टीवर आहे, की जे अस्तित्वातच नाही ते खरं वाटेल असं कसं रंगवायचं. वाढदिवसाला तेच देणार होते, आता फोडलंच गुपित.

चित्र झालं की मोबाइलवर अगदी लहान करून, रंग काढून बघ. 'मॅजिक द गॅदरिंग'सारख्या खेळाचं पान 63 गुणिले 88 मिलिमीटरचं असतं आणि त्यात चित्राला निम्म्याहूनही कमी जागा. तिथे पापण्या दिसत नाहीत. कोण, कुठे, काय करतंय एवढंच दिसतं, आणि तेही न दिसलं तर चित्र परत येतं.

शनिवारची वेळ मात्र मोडू नकोस. तू हल्ली 'अजून थोडं' म्हणत दोन-दोन विषय बुडवतेस. चित्रकार दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये 'दीपावली' हा अंक सुरू केला. दिवाळी अंकाच्या चित्रकाराला तारीख पुढे ढकलता येते का कधी? अपुरं वाटलं तरी टाक आणि पुढच्या विषयाला लाग. पण जे जे टाकलंस ते सगळं काम मागताना दाखवायचं नसतं. त्यासाठी निवडक चित्रं लागतात, आणि ती एकाच जगातली असली तर फार बरं. पुढचे काही विषय तू त्या राख लोटणाऱ्या बाईच्या गावातच घडव. 'पूल' आला तर त्या गावचा पूल, 'व्यापारी' आला तर त्या बाजारातला. तीच बाई पाठीमागून, बसलेली, धावताना काढता आली तर काम देणाऱ्याला भरवसा वाटतो.

आता तुला आलेल्या त्या मुखपृष्ठाच्या कामाचं. लेखक म्हणतोय, पैसे थोडेच देईन पण नाव होईल, करारबिरार कशाला. करार हवाच गं. एरवी चित्राचा हक्क काढणाऱ्याचा असतो, नोंदणी केली नाही तरी. पण आपल्या कायद्यात एक मेख आहे: पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून चित्र काढलं आणि वेगळं काही ठरवलं नसेल, तर पहिला हक्क सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे तुझी ती बाई उद्या त्याच्या टी-शर्टवर दिसली तर तू फक्त बघत बसायचं. हक्क तुझ्याकडे राहील, त्याला फक्त या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वापरता येईल, अमुक वर्षं, असं चार ओळींत लिहून दोघांनी सही करायची. आव्हानांसोबत स्पर्धा असते तेव्हाही नियम शेवटपर्यंत वाच, बक्षिसाच्या आकड्याखाली हक्कांचं कलम बारीक अक्षरांत असतं. त्या लेखकाला अजून उत्तर पाठवलं नसलंस तर थांब. मसुदा मला दाखव, रात्री दहानंतर फोन केलास तरी चालेल, पोरं झोपलेली असतात.