दुःखाचे निदान आणि समग्र समुपदेशन

दुःखाची निवृत्ती सर्वच शास्त्रांना इष्ट आहे. परंतु निवृत्ती इच्छिणाऱ्याने दुःखाचे स्थान प्रथम जाणले पाहिजे. स्थान न जाणता केलेला उपदेश शुद्ध असूनही निष्फळ होतो, आणि कित्येकदा दुःखिताच्या दुःखात भरच घालतो. म्हणून आश्रमात शांतीसाठी येणाऱ्यांशी बोलण्याचा प्रसंग ज्यांना नित्य येतो, त्या साधुसंतांनी व विचारवंत वासनिकांनी हा विषय अभ्यासण्याजोगा आहे.

जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. देह हा प्रपंचातील होय. जीव त्या देहाच्या आश्रयाने सुखदुःख भोगतो. तेव्हा शोकाकुल मनुष्य समोर येतो तो एकटे मन घेऊन येत नाही. त्याचा देह, त्याचे मन, त्याचा परिवार आणि त्याची श्रद्धा ही चारही त्याच्याबरोबर येतात. या चारही अंगांचा विचार करून धीर देणे व मार्ग दाखविणे, यास आधुनिक परिभाषेत समग्र समुपदेशन म्हणतात.

वैद्यकाला हा विचार सहज सुचला नाही. लंडन येथे १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे मरणोन्मुख रुग्णांचे सेवाकेंद्र सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स प्रथम परिचारिका, नंतर समाजसेविका व शेवटी डॉक्टर झाल्या. रुग्णाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशी चतुर्विध असते, असे प्रतिपादन त्यांनी केले. अमेरिकेतील डॉक्टर जॉर्ज एंगल यांनी १९७७ साली रोगाचा विचार शरीर, मन व समाज या तिन्हींच्या संबंधाने करावा असा पक्ष मांडला. आपल्या देशात त्याहूनही आधी, १९५०च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू देऊन रुग्णाजवळ ठेवून घेतले. रुग्ण एकटा बरा होत नाही, घरासह बरा होतो, हे त्यातून दिसून आले.

आता देवस्थानांचा विचार करू. मनाच्या व्याधीने पीडित मनुष्यास देवस्थानी आणून ठेवण्याची रीत आपल्या देशात पुरातन आहे. महानुभाव देवस्थानांतही असे पीडित येऊन राहतात. या रीतीची दोन फळे दिसून आली आहेत. तामिळनाडूतील मुथुस्वामी यांच्या समाधिमंदिरात राहिलेल्या ३१ रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेकांस गंभीर मनोविकार होता. तेथे कोणताही विशेष उपचारविधी होत नसे. सोबतीला घरचे एक माणूस, सकाळची प्रार्थना, झाडलोट, झाडांना पाणी घालणे आणि कोणाचाही तिरस्कार नाही, एवढेच. तरीही त्यांच्या विकाराची लक्षणे सरासरीने सुमारे २० टक्के उणावली. उलटपक्षी, त्याच प्रांतातील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खाजगी निवासास आग लागली. तेथील रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही, आणि २८ जीव गेले.

या दोन्ही ठिकाणी पीडितांना श्रद्धेनेच आणले होते. भेद श्रद्धेत नव्हता, वागणुकीत होता. एकीकडे मनुष्यास मनुष्य म्हणून ठेवले, दुसरीकडे बांधून ठेवले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे निषिद्ध ठरविले आहे. आणि गुजरातमध्ये उनावा येथील मीरादातार दर्ग्यात दवा आणि दुआ एकाच आवारात देण्याची व्यवस्था झाली. तेथे प्रार्थनेस आलेल्याला कोणी परतवीत नाही, आणि मनोविकारतज्ज्ञाकडेही पाठवितात.

येथे अशी शंका येते की, ज्याने परमेश्वरास शरण जावे त्याने मनाच्या शांतीसाठी औषध का घ्यावे? हा श्रद्धेतील उणेपणा नव्हे काय? याचे समाधान असे की, ज्वर आला असता औषध घेणाऱ्याच्या श्रद्धेविषयी कोणी संशय घेत नाही. मनाच्या खिन्नतेलाही अनेकदा देहच कारण असतो. थायरॉइड ग्रंथीचा स्राव न्यून झाला म्हणजे उत्साह मावळतो, अंग जड होते. शाकाहारी मनुष्यात ब-१२ जीवनसत्त्वाचे न्यून राहिल्यास थकवा, विस्मरण व उदासी येऊ शकते. अशा साधकाने “स्मरणात मन लागत नाही” असे सांगितले आणि त्यास वैराग्याचा उणेपणा म्हणून बोल लावला, तर दोष नसता दोष माथी येतो. तो मनुष्य पुन्हा बोलत नाही. येथेच खरा अनर्थ आहे, कारण न बोललेले दुःख कधीकधी जिवावर बेतते.

म्हणून सांत्वन करणाऱ्याने पुढील क्रम ध्यानी धरावा. प्रथम ऐकावे; मध्ये वचनांचा आधार देण्याची घाई करू नये. नंतर झोप, अन्न व दुखणी यांची विचारपूस करावी. घरी कोण आहे, कोणाशी बोलणे तुटले आहे, हे जाणावे. खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, नित्याची कर्मे सुटली, तर वैद्याकडे न्यावे. मरणाचा विचार येतो काय, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट मनुष्य मोकळा होतो. तसे असल्यास त्यास एकटे सोडू नये. शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. चालू असलेले औषध वैद्याला न विचारता बंद करण्यास सांगू नये. ऐकलेले आपल्याजवळच ठेवावे. स्मरण, सत्संग व सेवा या सर्वांबरोबर चालाव्यात. त्यांनी वैद्याची जागा घेऊ नये, आणि वैद्यानेही त्यांची घेऊ नये.

ऐकण्याचे मोल पंथाला नवीन नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी उत्तरापंथे गेल्यावर भक्तपरिवार ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिला. पुढे श्रीप्रभूंचाही वियोग झाला तेव्हा श्रीनागदेवाचार्य लीळांचे स्मरण करीत असत. म्हाइंभटांनी त्यांना विचारले, ऐकले, आणि ज्यांनी जे पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन शोधून शोधून लीळा लिहून घेतल्या. असन्निधानाचे दुःख त्यामुळे नाहीसे झाले असे नव्हे; परंतु ते एकट्याचे राहिले नाही. ज्यांनी सांगितले आणि ज्यांनी ऐकले, त्या सर्वांमध्ये ते वाटले गेले, आणि त्यातूनच लीळाचरित्र सिद्ध झाले.

सारांश, दुःखित मनुष्य दारी आला असता त्याच्या देहाला वैद्य, मनाला श्रोता, घराला समजूत आणि जिवाला स्मरण, ही चारही मिळतील असे पाहावे. यांपैकी जे आपल्यापाशी नसेल ते जेथे असेल तेथवर त्याला स्वतः पोहोचवावे. एवढे केल्यावाचून आपला उपदेश पुरा झाला, असे कोणी मानू नये.