घरापुढील हिरवळींतील तणें : ठेवावींत कीं उपटावींत ?

ज्या हरळीची एक कांडी रानांत राहिली तरी शेतकऱ्यास चैन पडत नाहीं, तीच हरळी मुंबईच्या उपनगरांत मजुरी देऊन लावली जाते, हें वाचकांस प्रथम विचित्र वाटेल. काळ्या जमिनींत तिच्या काशा उन्हानें वाळाव्यात म्हणून आपण ऐन उन्हाळ्यांत खोल नांगरट करतों. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या बाजूस मात्र बंगल्यापुढें किंवा गृहनिर्माण संस्थेच्या आवारांत हिरवळ करावयाची म्हणजे पुष्कळदा हरळीचेच तुकडे टोंचतात, आणि मग तिच्यांत आपोआप उगवणाऱ्या इतर वनस्पतींस तण म्हणतात. तेव्हां तण ही वनस्पतीची कांहीं निराळी जात नव्हे. जागेचा जो उपयोग ठरला त्याच्या आड येईल तें तण. आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें नोकरीनिमित्त या भागांत स्थायिक झालीं आहेत. वडील मंडळी तेथें गेली म्हणजे खुरपें हातीं घेण्याचा मोह आवरत नाहीं. त्यांनीं पहिला घाव घालण्यापूर्वीं पुढील गोष्टींचा विचार करावा.

युरोप व अमेरिकेंत याच प्रश्नावर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत मतभेद होतात. तेथील वादाचें मूळ म्हणजे डँडेलियन नांवाचें पिवळ्या फुलाचें रोपटें. पानांच्या कडा दंतुर असल्यामुळें फ्रेंच भाषेंतील 'सिंहाचा दांत' या अर्थाच्या शब्दांवरून तें नांव पडलें. कोणी त्याचीं कोंवळीं पानें खातात, कोणी मुळ्या भाजून कॉफीसारखें पेय करतात, तर कोणी तें दिसतांच विष फवारतात. तें थंड हवेंतील असल्यानें आपल्या किनाऱ्यावर त्याचा उपद्रव नाहीं. परंतु त्याच कुळांतील पाथरी आपणांस चांगली ठाऊक आहे. जमिनीलगत चक्राकार पसरलेलीं पानें, तोडल्यावर पांढरा चीक, पिवळें फूल आणि म्हातारीप्रमाणें वाऱ्यावर उडणारें बीं, या सर्व खुणा जुळतात. कोंवळ्या पाथरीची भाजी कोणास नवी सांगावयास नको. तिचें मूळ सोटाचें असतें. खुरप्यानें वरचा भाग छाटल्यास ती पुन्हा फुटते. म्हणून खावयाची असल्यास पानें खुडावींत, आणि नको असल्यास पाऊस पडून जमीन मऊ झाल्यावर मुळासकट काढावी.

पहिल्या पावसाबरोबर येणारा टाकळा हें दुसरें उदाहरण. बोरिवली व मुलुंड स्टेशनांबाहेर त्या दिवसांत आदिवासी स्त्रिया टाकळ्याच्या जुड्या घेऊन बसतात. म्हणजे जी वस्तु आवाराबाहेर पैसे देऊन घ्यावयाची, तीच आवारांत माळ्यास पैसे देऊन उपटावयास लावावयाची ! टाकळा उंच वाढला म्हणजे खालचें गवत दबतें व पुढें तो वाळल्यावर जमीन उघडी पडते, हें खरें. परंतु तो बोटभर असतांनाच भाजीसाठीं खुडला तर निंदणी आपोआप होते. घोळीचेंही तसेंच. महसूल खात्यांत असतांना पीकपाहणीच्या वेळीं अशा जमिनीपुढें 'गवतपड' एवढेंच लिहून पुढें जावें लागे. त्या एका शब्दाखालीं किती भाज्या व औषधी दडलेल्या असत, त्यासाठीं रकाना नव्हता.

भाजी मात्र ओळखूनच घ्यावी. घोळीशेजारीं नायटीही जमिनीसरसी पसरते. घोळीचीं पानें व देठ मांसल असून मोडल्यास त्यांतून चीक येत नाहीं. नायटीचा देठ बारीक असून त्यांतून पांढरा चीक येतो. तसेंच गटाराकांठचें, रस्त्यालगतचें किंवा कुत्रीं फिरतात तेथील कांहींही घेऊं नये.

आतां ज्यावर दया करूं नये तें गाजरगवत. हें अमेरिकेंतून आलेलें तण पुण्यास १९५५ च्या सुमारास नजरेस आलें आणि तेथून देशभर पसरलें. त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या अंगास खाज व पुरळ येतें, परागामुळें शिंका व दमाही बळावतो. एका झाडास हजारों बिया धरतात; म्हणून पांढरीं फुलें दिसण्यापूर्वींच हातमोजे घालून तें मुळासकट उपटावें. फुलावर आलेलें झाड खताच्या खड्ड्यांत टाकणें म्हणजे पुढील वर्षाची पेरणी करणें होय.

भिंतीच्या कडेला व कचऱ्याभोंवतीं गुडघाभर रान वाढूं देणें हेंही धोक्याचें. अशा ठिकाणीं उंदीर-घुशींस आसरा मिळतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या पुरानंतर मुंबईंत लेप्टोस्पायरोसिसच्या तापानें अनेकांचा बळी घेतला. हा रोग उंदरांसारख्या जनावरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून माणसांस होतो. तथापि याच भीतीनें सारें आवार तासून उघडें करणें हाही उपाय नव्हे. तसल्या पावसांत उघडी माती गटारांत जाऊन बसते.

एकदांडीविषयीं माझें मत पुष्कळांस पटत नाहीं. ती फार पसरते हें कबूल. पण बारा महिने फुलत असल्यानें फुलपांखरांस व मधमाश्यांस तिचा आधार असतो. कडेचा एखादा पट्टा तिला द्यावा, मधली हिरवळ मोकळी ठेवावी.

बहुतेक वेळां तण हें रोगाचें कारण नसून लक्षण असतें. हरळीस भरपूर ऊन लागतें. नव्या उंच इमारतींच्या सावलींत ती विरळ होते व मोकळ्या जागीं केना येतो. तेथें केना कितीही उपटला तरी हरळी यावयाची नाहीं. सावलींत तगणारी दुसरी लागवडच करावी. ऊन असलेल्या जागींही गवत मुळापर्यंत कापल्यास किंवा पायवाट पडून माती घट्ट झाल्यास तणांस वाव मिळतो.

तणनाशक फवारण्याचा ठराव संस्थेच्या सभेंत आला, तर निदान श्रावण-भाद्रपदांत तरी तो तहकूब ठेवावा. त्या दिवसांत मुलेंबाळें त्याच हिरवळींतून गणपतीसाठीं दूर्वा व मंगळागौरीसाठीं आघाडा खुडतात. इतर वेळीं फवारणी झालीच, तर कोठें व कोणत्या दिवशीं झाली तें फळ्यावर मराठींत ठळक लिहून ठेवावें, आणि तेथील पाला भाजीस किंवा जनावरांस घेऊं नये.