हातावरचं गोंदण

चि. सोनूस,


कॉलेजसाठी केलेला तुझा ऊसतोड बायकांवरचा रिपोर्ट काल रात्री दोनदा वाचला. मेहनत दिसते. मुकादमाने आगाऊ दिलेली उचल, खाडा पडला की होणारा दंड आणि पाळीपायी खाडे नकोत म्हणून काढून टाकलेली गर्भपिशवी, हे सगळं तू नीट समजून घेतलंस. पण त्यातला एका बाईचा फोटो पाहिला आणि झोप उडाली. चेहरा तू पुसट केलास. हातावर गोंदलेलं नवऱ्याचं नाव मात्र स्वच्छ वाचता येतं. खाली बीड जिल्ह्यातल्या गावाचं नाव, मजकुरात तीन मुली. 'नाव बदलले आहे' ही ओळ पुण्यातल्या वाचकापुरती झाली. ही बाई कोण, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळेल.

माझ्या हातूनही हे झालंय. पत्रकारितेत नवीन असताना मी एका बाईचं नाव बदललं, पण टोळी कुठल्या कारखान्यावर होती ते लिहिलं. पुढच्या हंगामात त्या नवरा-बायकोच्या कोयत्याला कुणी उचल दिली नाही. मला त्याच बातमीबद्दल शाबासकी मिळाली होती. दोन वर्षं तिच्या दारात जायचं धाडस झालं नाही मला.

तुझ्या फोटोतली बाई 'लिहा की ताई' म्हणाली, असं तू लिहितेस. तेव्हा नवरा शेजारीच होता ना? हे मोबाइलवर मुकादमही वाचेल, असं तिला सांगितलंस? की ताईंनी लिहिलं म्हणजे सरकारची मदत येईल, असं तिला वाटलं? बाळा, तुला गुण मिळाले की तू पुढच्या विषयाकडे वळशील. ती दसऱ्यानंतर त्याच मुकादमाच्या ट्रॅक्टरमध्ये बसेल.

लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाचं नावच काय, शाळासुद्धा पॉक्सो कायद्याचं कलम 23 छापू देत नाही. या बाईच्या पाठीशी असं कलम नाही. गर्भपिशव्या काढण्याचा विषय मोठा आहे; 2019 साली सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली त्यावर समिती नेमली होती. तो तिच्या फोटोवाचूनही मांडता येतो.

फोटो आणि गावाचं नाव आजच काढ. सरांकडे देण्याआधी सगळा मजकूर तिला फोनवर वाचून दाखव, ती एकटी असेल तेव्हा. नको म्हणाली, तर तिचा भाग गाळ आणि मला कळव.

तुझी,
आत्या